पावसाळी वनमार्ग आणि टायरची निवड : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या संदर्भात

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हिमवर्षाव होत नाही. त्यामुळे हिवाळ्यासाठी वेगळे टायर घ्यावेत काय, हा प्रश्न तेथील वाहनधारकास कधी पडत नाही. परंतु ज्या कारणासाठी फिनलंड वा कॅनडातील मनुष्य ऋतू पालटताच गाडीचे टायर पालटतो, ते कारण या जिल्ह्यांतही दरवर्षी उपस्थित होते. चाकाखालची जमीन आपला धर्म बदलते, हे ते कारण होय. उत्तरेकडील देशांत हा पालट नोव्हेंबरात होतो व त्याचे नाव हिम; झाडीपट्टीत तो मृगाच्या सरींबरोबर होतो व त्याचे नाव चिखल. फरक इतकाच की, तेथे या पालटाविषयी पाऊण शतकाहून अधिक काळ विचार झाला आहे, कायदे झाले आहेत, टायरवर चिन्हे छापली जातात. येथे मात्र दुकानदार देईल तो टायर घेतला जातो, आणि ‘किती वर्षे टिकेल?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. टिकाऊपणाचा प्रश्न गौण नाही. पण तो पहिला प्रश्न नव्हे.

ऋतूनुसार टायर ही कल्पना प्रथम फिनलंडमध्ये रूढ झाली. पुढे नोकियन या नावाने प्रसिद्धीस आलेल्या तेथील कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिमातील टायर तयार केला. त्याच्या फिनिश नावाचा अर्थ ‘हवामानाचा टायर’ असा होतो. आजच्या हिवाळी टायरचे गुण दोन. पहिला गुण रबराचा: सामान्य टायरचे रबर तापमान सुमारे ७ अंश सेल्सियसच्या खाली गेले की कठीण होऊ लागते, हिवाळी टायरचे रबर मात्र थंडीतही मऊ राहते. दुसरा गुण नक्षीचा: त्याच्या ठोकळ्यांवर सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात. हिम या चिरांत व खाचांत दाबून बसते आणि टायरमध्ये बसलेले हिम रस्त्यावरील हिमास धरते. हिम हिमास चिकटते, या गुणधर्माचाच तेथे उपयोग करून घेतलेला असतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. मोठ्या गाड्यांच्या अनेक टायरांवर ‘एम+एस’ ही अक्षरे आढळतात. ती ‘चिखल व हिम’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत; त्यावरून पुष्कळदा असा टायर चिखलासाठीच बनविला आहे अशी समजूत करून दिली जाते. वस्तुतः ही अक्षरे म्हणजे नक्षीच्या स्वरूपाविषयी निर्मात्याने स्वतः केलेले विधान होय. त्यामागे कोणतीही सक्तीची कसोटी नाही. म्हणूनच १९९९ च्या सुमारास तीन शिखरांचा पर्वत व त्यात हिमकण असे वेगळे चिन्ह प्रचारात आले, आणि ते हिमावर प्रत्यक्ष चाचणी झालेल्या टायरासच मिळते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळ्यासाठी हेच चिन्ह असलेला टायर ग्राह्य धरला जातो, नुसती दोन अक्षरे पुरेशी होत नाहीत. हे चिन्हसुद्धा चिखलाविषयी काहीच सांगत नाही. हिम टायरच्या खाचांत बसले तर लाभ होतो. चिकणमाती बसली तर नेमके उलट घडते. ओली माती ओल्या मातीस धरत नाही, तिच्यावरून घसरते. खाचा मातीने भरल्या की उत्तम नक्षीचा टायरही गुळगुळीत टायरासारखा होतो. म्हणून हिमाच्या टायरने हिम राखून ठेवावे आणि चिखलाच्या टायरने चिखल फेकून द्यावा, अशी दोहोंची कार्ये परस्परविरुद्ध आहेत.

आता या दोन जिल्ह्यांच्या भूमीकडे वळू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा होण्यापूर्वी हा सर्व प्रदेश एकच जिल्हा होता. परंतु भूमीच्या दृष्टीने तो कधीच एकजिनसी नव्हता. पश्चिमेस वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या वर्धा नदीच्या बाजूच्या तालुक्यांत काळी, भारी, कापसाची जमीन आहे. पूर्वेस मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी या बाजूस भाताची शेती, तलाव व बोड्या यांचा प्रदेश लागतो. तेथील माती पिवळसर वा तांबूस असून तिच्यात वाळूचे प्रमाण जागोजाग बदलते. कन्हार, मोरांड, बरडी ही शेतकऱ्यांनी मातीला दिलेली नावे शेतीइतकीच गाडीवाल्यासही उपयोगी आहेत: कन्हार म्हणजे काळी व चिकट, मोरांड म्हणजे वाळूमिश्रित मध्यम, बरडी म्हणजे मुरमाड व हलकी. वैनगंगा ओलांडून दक्षिणेस व पूर्वेस गेले की आलापल्ली, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा हा घनदाट वनांचा व नद्यांचा मुलूख सुरू होतो. तेथे मुरमाचे रस्ते, नाल्यांवरचे रपटे, आणि प्राणहिता, इंद्रावती व गोदावरी यांच्या काठची वाळू यांची गाठ पडते.

चंद्रपुराहून गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली या मार्गाने भामरागडास निघालेल्या मोटारसायकलस्वाराचा विचार करावा. प्रथम त्यास ओला डांबरी रस्ता मिळतो. त्यावर कोळशाची वा राखेची बारीक पूड पसरलेली असू शकते. पुढे खड्ड्यांचा रस्ता व अवजड मालमोटारींनी आणलेली तांबडी माती येते. अखेरीस मुख्य रस्ता सोडून एखाद्या पाड्याकडे वळल्यावर मुरूम, आणि मुरूम वाहून गेला असेल तेथे निव्वळ चिखल. एकाच दिवसात, एकाच टायरवर, जमीन निदान तीन वेळा बदलते. फिनलंडमधील वाहनधारकाची अडचण ऋतूची आहे, म्हणून दोन जोड ठेवून ती सुटते. येथील अडचण अंतराची आहे, आणि टायरचा दुसरा जोड घरी ठेवून ती सुटत नाही.

टायर जमिनीस धरतो म्हणजे काय होते, हे येथे थोडक्यात पाहिले पाहिजे. टायरचा जमिनीस टेकणारा भाग आश्चर्य वाटावे इतका लहान असतो. स्थूलमानाने, चाकावरील भारास टायरमधील हवेच्या दाबाने भागले की या भागाचे क्षेत्रफळ मिळते. माणसांसह १,२०० किलोग्रॅम वजनाच्या मोटारीच्या एका चाकावर ३०० किलोग्रॅम भार येतो. हवा ३० पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २.१ किलोग्रॅम असेल, तर टेकणारा भाग सुमारे १४० चौरस सेंटिमीटरांचा, म्हणजे पोस्टकार्डाहून किंचित मोठा भरतो. दोघे बसलेल्या मोटारसायकलच्या मागील चाकाचा भाग याच्याही निम्मा, जेमतेम तळहाताएवढा. याउलट ट्रॅक्टरच्या मागील चाकावर १,००० किलोग्रॅम भार असूनही हवा १४ पौंडांच्या आसपास ठेवली असता टेकणारा भाग १,००० चौरस सेंटिमीटरांच्या घरात जातो. ट्रॅक्टर शेतात का रुतत नाही आणि मोटार का रुतते, याचे अर्धे उत्तर या भागाकारात आहे.

दुसरी राशी घर्षणांकाची. चांगल्या टायरचा घर्षणांक कोरड्या डांबरी रस्त्यावर ०.७ ते ०.८ असतो, तोच रस्ता भिजला की ०.५ च्या आसपास येतो. दाबून बसलेल्या हिमावर ०.२ ते ०.३, आणि काचेसारख्या बर्फावर ०.१ च्या जवळपास. डांबरावर पसरलेल्या ओल्या चिकणमातीच्या पातळ थरावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत उतरू शकतो, म्हणजे जवळजवळ हिमाइतका. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून घर्षणांक ०.७ असता सुमारे २० मीटरांत थांबते, ०.५ असता २८ मीटरांत, ०.२ असता ७१ मीटरांत. चालकाच्या प्रतिसादास लागणारा वेळ यात धरलेला नाही. रोवणीच्या दिवसांत शेतातून निघालेला ट्रॅक्टर शंभर-दोनशे मीटर रस्त्यावर चिखल सांडीत जातो, आणि त्यावर पावसाची भुरभुर सुरू असते. कोळसा खाणींच्या परिसरात, घुग्घुस वा माजरीकडील रस्त्यांवर, हेच कार्य कोळशाची पूड करते. मुसळधार पावसात हा थर धुऊन तरी जातो. घात होतो तो पहिल्या सरींत व भुरभुरीत. हिमप्रदेशांत डांबरावरील न दिसणाऱ्या बर्फाच्या थराची जी धास्ती घेतली जाते, तीच या थराची घेतली पाहिजे.

चिखलात मात्र घर्षणांकाची भाषा अपुरी पडते. तेथे टायर जमिनीवरून घसरत नाही. टायरखालची जमीनच फाटते. काळ्या जमिनीतील मातीचे कण अतिसूक्ष्म व पापुद्र्यासारखे असून ते पाणी शोषून फुगतात, आणि पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात. अशा जमिनीवर पुढे जाण्याचे मार्ग दोनच: वरचा मऊ थर कापून खालच्या कठीण थरापर्यंत पोचावे, किंवा वरच्यावर तरंगत जावे. पहिल्यास अरुंद टायर व पुरेशी हवा लागते. दुसऱ्यास रुंद टायर व कमी हवा. यांपैकी कोणता मार्ग घ्यावा हे टायरच्या दुकानात ठरत नाही. खाली कठीण थर आहे काय, आणि किती खोल आहे, यावर ते ठरते. जुन्या मुरमाच्या रस्त्यावर दोन-तीन इंच राबडी जमली असेल तर अरुंद टायर सरस ठरतो. लोखंडी पट्ट्याची, अरुंद चाकांची बंडी अशा रस्त्याने निभावून जाते ती यामुळेच. पण कन्हार जमिनीतील पांदण रस्त्यास पावसाळ्यात तळ लागत नाही. तेथे तीच बंडी आसापर्यंत रुतते. हिमातही हाच नियम लागू पडतो: पातळ, पाणचट हिमात अरुंद टायर, आणि खोल हिमात रुंद.

नक्षीचे रहस्य आता उलगडते. चिखलाच्या टायरचे ठोकळे मोठे, उंच व एकमेकांपासून दूर असतात. मधली जागा माती फेकली जावी म्हणून मोकळी सोडलेली असते, आणि चाक फिरू लागले की केंद्रोत्सारी प्रेरणेने माती बाहेर भिरकावली जाते. ट्रॅक्टरच्या टायरवरील तिरप्या पट्ट्यांचा कोन प्रथम जमिनीत शिरतो व माती दोन्ही कडांकडे ढकलीत जातो. म्हणून त्या टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, आणि टायर उलटा बसविल्यास त्याचा निम्मा उपयोग वाया जातो. भाताच्या खाचरांसाठी याच टायरचा एक खोल पट्ट्यांचा प्रकार मिळतो. त्याच्या पट्ट्यांची उंची नेहमीच्या जवळजवळ दुप्पट असते. पूर्वेकडील भातपट्ट्यात चिखलणीसाठी तो योग्य. मात्र त्याच ट्रॅक्टरने वर्षातील बहुतेक दिवस डांबरावरून ट्रॉली ओढावयाची असेल तर या उंच पट्ट्या भराभर झिजतात व गाडी थरथरते. भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्याने याचा हिशेब घ्यावा.

चिखलात जो टायर सर्वोत्तम, तो ओल्या डांबरावर कनिष्ठ ठरतो, ही या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट होय. कारण उघड आहे. टेकणारा भाग आधीच पोस्टकार्डाएवढा. त्यातील बरीच जागा मोकळी सोडल्यावर डांबरास भिडणारे रबर थोडेच उरते. शिवाय उंच ठोकळे ब्रेक लावताच वाकतात. मोटारसायकलींसाठी विकले जाणारे ‘बटन टायर’ तरुणांस आवडतात. ते दिसावयास दणकट असतात, आणि चिखलात खरोखर उपयोगी पडतात. पण त्यांवर ओल्या डांबरी वळणावर गाडी कलती केली असता कडेच्या दोन-चार ठोकळ्यांवर सर्व भार येतो. ज्याचा रोजचा प्रवास ४० किलोमीटर डांबराचा व ४ किलोमीटर चिखलाचा आहे, त्याने हे टायर घालणे म्हणजे चार किलोमीटरांच्या सोयीसाठी चाळीस किलोमीटरांचा धोका पत्करणे होय.

मग टायर कशावरून निवडावा? प्रवासातील बहुसंख्य किलोमीटरांवरून की सर्वांत वाईट किलोमीटरावरून? बाजारातील सल्ला या दोहोंत हेलकावे खातो. अधिक उपयुक्त भेद निराळा आहे. टायर दोन तऱ्हांनी निकामी ठरतो: तो गाडीस अडकवतो, किंवा तो गाडीस घसरवतो. अडकण्याने वेळ जातो; घसरण्याने जीव जातो. सामान्य प्रवाशाने घसरण्यास प्रथम भ्यावे, म्हणजेच ओल्या डांबरावर उत्तम थांबणारा टायर घ्यावा आणि चिखलात उतरून गाडी ढकलण्याची तयारी ठेवावी. परंतु हा निर्णय सर्वांस लागू नाही. दुर्गम भागातील रुग्णवाहिका, लसीची पेटी घेऊन निघालेली आरोग्यसेविका, सर्पदंशाचा वा अडलेल्या बाळंतिणीचा रुग्ण नेणारे वाहन यांच्या बाबतीत अडकणे हेही प्राणघातक ठरू शकते. गडचिरोली जिल्ह्यात वाहन पोचू न शकल्याने गर्भवती स्त्रीस खाटेवर घालून चिखलातून वा नाल्यातून आणावे लागल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. अशा वाहनांनी चिखलाच्या बाजूस झुकणारा टायर घेणे सयुक्तिक आहे. त्याची किंमत डांबरावरील कमी वेगाने चुकवावी लागते, आणि ही किंमत चालकास माहीत असली पाहिजे. वाहन खरेदी करणाऱ्या कार्यालयांत सर्व तालुक्यांसाठी एकाच जातीचे टायर मागविण्याकडे कल असतो. हिशेबास ते सोपे पडते, पण वरोऱ्यास जे योग्य ते एटापल्लीस योग्य असेलच असे नाही.

मोटारसायकल हे या प्रदेशातील सर्वांत महत्त्वाचे वाहन. शिक्षक, आशा कार्यकर्त्या, वनरक्षक, छोटे व्यापारी सर्व तिच्यावर अवलंबून. तिच्यासाठी मधल्या जातीचा टायर बरा: ज्याच्या मध्यभागी ठोकळे दाट आहेत व कडेला विरळ. सरळ जाताना डांबरास पुरेसे रबर भिडते आणि चिखलात टायर थोडा खाली गेला की कडेचे ठोकळे कामास येतात. मूळ मापाहून रुंद टायर घालण्याची हौस टाळावी. मूळ रिमवर तो चिमटला जाऊन त्याचा आकार बिघडतो व कलताना गाडी अनपेक्षितपणे वागते. दोनांपैकी एकच टायर नवा घेण्याची ऐपत असेल तर बहुतेक लोक मागचा बदलतात, कारण तो आधी झिजतो. पण मागचे चाक घसरले तर गाडी पुष्कळदा सावरता येते. पुढचे घसरले तर मनुष्य पडतोच. म्हणून पुढचा टायर कधीही गुळगुळीत होऊ देता कामा नये. चारचाकीचा नियम येथे उलटा आहे. तिच्यात दोनच नवे टायर घेतले तर ते मागील आसावर घालावेत, कारण पुढची चाके घसरली असता गाडी सरळ जाते व वेग कमी केल्यास सावरते. मागची घसरली असता ती गरकन फिरते.

मालमोटारींच्या व बसगाड्यांच्या बाबतीत जुन्या चालकांनी अनुभवाने एक तोड काढलेली आहे: पुढे लांब उभ्या धारांचे टायर व मागे आडव्या जाड पट्ट्यांचे. उभ्या धारा पाणी सरळ मागे सोडतात आणि आडवे सरकण्यास विरोध करतात, म्हणून सुकाणू ताब्यात राहते. आडव्या पट्ट्या जमीन रेटतात, म्हणून ओढ मिळते. नायलॉन की रेडियल हा वाद या भागात अजून संपलेला नाही. रेडियल टायर कमी तापतो, जास्त चालतो व त्याचा टेकणारा भाग अधिक समान असतो. नायलॉनची बाजू जाड असल्याने दगड, खुंट व बांबूच्या टोकांपुढे तो तग धरतो, आणि जादा भार सोसतो. जादा भार मुळातच घालू नये हे खरे; पण बांबू व इमारती लाकडाच्या वाहतुकीत ते किती पाळले जाते हे सर्वश्रुत आहे. झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवून घेण्याची रीत अवजड वाहनांत रूढ व काटकसरीची आहे. तीत वावगे काही नाही, मात्र असे टायर मागील चाकांना ठेवावेत, पुढील चाकांना नव्हे.

रबराच्या गुणाविषयी एक स्थानिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चंद्रपूर हे देशातील अत्यंत उष्ण शहरांपैकी एक. उन्हाळ्यात तेथील तापमान ४६-४७ अंशांपर्यंत चढते, आणि डांबराचे त्याहून कितीतरी अधिक. हिवाळी टायर येथे आणला तर त्याचे मऊ रबर एका उन्हाळ्यात झिजून जाईल. येथील सामान्य टायरही या उष्णतेने कडक होतो, त्यावर बारीक भेगा पडतात, आणि नक्षी शाबूत दिसत असतानाच त्याची ओल्या रस्त्यावरील पकड घटलेली असते. म्हणून पावसाळ्यापूर्वी टायरचे वय पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे वर्षातील आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात, २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून विकला जातो, तो या खुणेने ओळखता येतो. केंद्र शासनाने २०२२ साली मोटारी, बसगाड्या व मालमोटारी यांच्या टायरांसाठी ओल्या रस्त्यावरील पकड, गोंगाट व चालताना होणारा विरोध यांचे निकष ठरविले. त्यामुळे टायरची ओल्यातील पकड हा निदान तपासण्याचा विषय झाला. दुचाकीस्वारास मात्र या निकषांचा आधार मिळत नाही.

नक्षीची खोली किती असावी? नियमाने मोटारी व अवजड वाहने यांस किमान १.६ मिलिमीटर व दुचाकी-तिचाकीस ०.८ मिलिमीटर एवढी सांगितली आहे. ही कायद्याची शेवटची पायरी आहे. ज्याला पावसाळा काढावयाचा आहे त्याने मोटारीचा टायर ३ मिलिमीटरांवर आला की बदलावा, कारण खाचांचे काम पाणी वाहून नेण्याचे आहे, आणि उथळ खाच म्हणजे गाळाने भरलेली नाली. पाणी निघून गेले नाही तर ते टायरखाली पाचरीसारखे शिरते व टायर उचलला जातो. विमानांच्या चाकांबाबत हा प्रकार अभ्यासून अमेरिकेच्या अवकाश संस्थेतील हॉर्न व ड्रेहर यांनी १९६३ साली एक साधे सूत्र मांडले: टायरमधील हवेचे जितके पौंड असतील त्यांच्या वर्गमुळास सुमारे १६.७ ने गुणले की, ज्या वेगास टायर पाण्यावर तरंगू लागतो तो वेग ताशी किलोमीटरांत मिळतो. साचलेले पाणी खाचांना न आवरणारे असेल तेव्हाच हे सूत्र लागू पडते. ३० पौंड हवेस हा वेग ताशी ९१ किलोमीटर येतो. २० पौंडांस ७५. शंभर पौंड हवेच्या बसचे टायर तरंगण्यास ताशी १६७ किलोमीटर वेग लागेल. बस मागे निर्धास्त येते म्हणून पुढच्या मोटारीने तेवढ्याच वेगाने जावे, असे म्हणूनच होत नाही.

याच सूत्रावरून हवा कमी-जास्त करण्याच्या प्रश्नाचा उलगडा होतो. चिखलात वा नदीकाठच्या वाळूत मोटारीची हवा ३० वरून २० पौंडांवर आणली तर टेकणारा भाग दीडपट होतो, आणि अडकलेली गाडी बहुधा निघते. खर्च काहीच नाही. पण तीच हवा घेऊन पुन्हा ओल्या डांबरावर वेगाने जाणे म्हणजे तरंगण्याची मर्यादा १६ किलोमीटरांनी खाली आणणे होय; शिवाय टायर तापतो आणि त्याच्या बाजू चुरगळतात. हवा भरण्याचा पंप जवळ असेल तरच हवा सोडावी. मोटारसायकलच्या ट्यूबच्या टायरमध्ये हवा फार कमी केली तर टायर रिमवर सरकतो व ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटला जातो. बाभळीचे काटे व बांबूच्या काड्या यांच्या या मुलखात बिनट्यूबच्या टायरचा लाभ मोठा आहे: काटा रुतला तरी हवा हळूहळू जाते, आणि छिद्र बुजविण्याचे साहित्य खिशात मावते. आलापल्लीच्या पुढे पंक्चरचे दुकान शोधीत गाडी ढकलणाऱ्यास याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

राहता राहिला रपट्याचा प्रश्न. पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेल्याने भामरागड व त्यापलीकडील गावे तुटण्याचे प्रसंग २०१९ च्या पावसाळ्यात अनेकवार आले. लहान नाल्यांवर असे प्रसंग दर पावसाळ्यात घडतात. पाण्यातून गाडी घालताना चालक टायरवर भरवसा ठेवतो, आणि हिशेब येथेच चुकतो. लहान मोटारीचा तळ सुमारे साडेतीन मीटर लांब व दीड मीटर रुंद, म्हणजे सव्वापाच चौरस मीटरांचा असतो. पाणी या तळाच्या वर १० सेंटिमीटर चढले की सुमारे ५२५ किलोग्रॅम पाणी दूर सारले जाते, आणि तितकाच भार चाकांवरून उतरतो. तळ जमिनीपासून १७-१८ सेंटिमीटर उंच धरला, तर ४० सेंटिमीटर पाण्यात हजार-अकराशे किलोग्रॅमची गाडी चाकांवर उभी नसतेच. तिच्या दारांतून पाणी आत शिरेपर्यंत ती होडीसारखी असते, आणि वाहत्या पाण्यात त्यापूर्वीच बाजूस सरकू लागते. पकड म्हणजे भार गुणिले घर्षणांक. भार शून्य झाल्यावर टायर कोणत्या जातीचा, किती नवा, कोणत्या नक्षीचा, हे विचारण्यास जागाच राहत नाही. मोटारसायकलस्वाराचा भार तुलनेने कमी उतरतो, परंतु त्याची दोन अरुंद चाके शेवाळलेल्या काँक्रीटवर टेकलेली असतात व गुडघाभर पाण्याचा लोट बाजूने लागतो. रपट्याच्या कडेचे खांब पाण्यात दिसेनासे झाले, किंवा पाणी चाकाच्या आसापर्यंत पोचले, की अलीकडेच थांबावे. बहुतेक नाल्यांचे पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरते.